आज किती इंच?

रात्री नऊ वाजता बाबांचा फोन येतो. उचलला की पहिला प्रश्न ठरलेला, "आज किती इंच?"

इंदूरकडे पाऊस इंचांत मोजतात, वर्तमानपत्रांतही तसाच छापतात. आमची बावीस बिघे जमीन देपालपूर तहसिलीत आहे आणि तिथे जून ते सप्टेंबर दुसरा विषयच नसतो. बाबांनी शेतातल्या खोलीच्या छतावर सरळ कडांचा एक पत्र्याचा डबा ठेवला आहे. सकाळी सातला त्यात शाळेतली फूटपट्टी उभी धरायची, पाणी कुठवर आलं ते बघायचं, वहीत लिहायचं आणि डबा उपडा करायचा. दादाच्या मोबाइलवर हवामान खात्याचे आकडे येतात, तो ते वाचूनही दाखवतो. बाबा ऐकून घेतात, पण वहीत डब्याचाच आकडा जातो. चार इंच झाल्याशिवाय सोयाबीनच्या बियाण्याला हात लावायचा नाही, हा त्यांचा नियम. इंदूरच्या सोयाबीन संशोधन संस्थेचे लोकही १०० मिलिमीटर पाऊस झाल्यावरच पेरा असं सांगतात, म्हणजे तेच चार इंच.

जून २०२४ मध्ये आम्ही इंदूर सोडलं. ह्यांना जैसलमेरजवळच्या एका सौर प्रकल्पात नोकरी लागली होती, मुलगा पाचवीत जाणार होता. रामबागेतल्या घरात मी खोकी बांधत बसले होते तेव्हा बाबा शेतावरून बसने आले. पिशवीत दोन वस्तू होत्या. घरच्या गव्हाचं पीठ, आणि तसाच एक पत्र्याचा डबा, फूटपट्टीसकट.

"बाबा, तिकडे मोजायला पाऊस कुठे असणार?"

"जे असेल ते मोज," ते म्हणाले. "आणि मला सांगत जा."

'मालव धरती गहन गंभीर, डग डग रोटी, पग पग नीर' ही ओळ आमच्याकडे पोरांच्या कानावर पाढ्यांच्या आधी पडते. त्या मुलखातून रात्रभर रेल्वेने जोधपूरला आणि तिथून गाडीने पुढे. पोखरण मागे पडलं तशी झाडं विरळ झाली, मग खुरटी झुडपं, मग नुसता माळ. मुलगा खिडकीला नाक लावून बसला होता. बऱ्याच वेळाने त्याने विचारलं, "आई, शेतं संपली का?" इंदूरला वर्षाला साधारण ३७-३८ इंच पाऊस होतो, जैसलमेरला ७-८. हा आकडा मी निघायच्या आधी वाचला होता, पण तो कसा दिसतो ते त्या दिवशी पाहिलं.

घर पिवळ्या दगडाचं, दोन खोल्यांचं, वर सपाट गच्ची. आंधी आली की खिडक्यांच्या फटीत ओली फडकी खोचायची, हे पहिल्याच आठवड्यात शिकले. ताटं धुऊन पालथी ठेवायची आणि वाढताना परत पुसायची. तरीही पोळीत कचकच लागायची. मुलगा घास तसाच ताटात ठेवायचा. घरच्या गव्हाची पोळी वाया जाताना बघून मला भरून यायचं आणि त्याला रागवायचं तरी कसं, तेही कळायचं नाही.

पण सगळ्यात जड गेलं ते पाणी. अंगणाखाली टांका होता. टांका म्हणजे जमिनीखालची टाकी, वर लोखंडी झाकण. नळाला रोज पाणी येत नाही. ज्या दिवशी येईल त्या दिवशी टांका भरून घ्यायचा, नाहीतर टँकर मागवायचा. टांका एकदम पक्का आहे, असं घरमालक म्हणाले होते. आम्ही पाच हजार लिटरचा टँकर ओतून घेतला आणि निश्चिंत झालो. चौथ्या दिवशी सकाळी झाकण उघडून बादली सोडली, तर ती तळाला आपटून खणकन वाजली. आम्ही तिघं माणसं, तीन दिवसांत एवढं पाणी वापरणं शक्यच नव्हतं. मालकांना फोन केला. ते म्हणाले, "तुम्हा इंदूरवाल्यांना पाण्याची किंमत नसते, सांडलं असेल." ते वाक्य मला अजून टोचतं. दारातल्या बोअरचं पाणीही बाबांनी आम्हाला कधी वाहू दिलं नाही.

शेजारच्या आजी, त्यांना सगळे दादीसा म्हणतात, त्या आवाज ऐकून आल्या. ओढणी आवरली, गुडघ्यांवर बसल्या, माझ्या हातातला टॉर्च घेतला आणि आत वाकून बराच वेळ बघत राहिल्या. भिंतीचा वरचा भाग कोरडा पांढरा झाला होता. खाली एका कोपऱ्यात ओलीची काळपट रेघ तिरकी उतरत गेली होती, केसाएवढी बारीक. त्यांनी त्यावर उजेड धरला. "इथून जमीन पाणी पिते आहे," त्या म्हणाल्या. त्यांच्या गावाकडची एक म्हणही त्यांनी मला सांगितली. तूप सांडलं तर माझं काही जात नाही, पाणी सांडलं तर जीव जळतो. माझ्यावर सांडलवंडीचा आरोप झालाय हे त्यांना माहीत नव्हतं. मी तिथेच, टांक्याच्या काठावर बसून रडले.

कारीगर आला. त्याने छिन्नीने तडा रुंद केला, आत सिमेंट भरलं, वरून थापीने घोटून गुळगुळीत केलं आणि सांगितलं, आठ दिवस ओलं ठेवा. घरात प्यायला पाणी नाही आणि सिमेंटला पाणी पाजायचं! ते आठ दिवस दादीसांनी त्यांच्या टांक्यातून रोज दोन हंडे दिले. त्यांच्या टांक्यात गच्चीवरचं पावसाचं पाणी साठतं, गेल्या वर्षीचंच होतं. मी हंडे मोजत होते. सोळा. आमचा टांका भरला त्या दिवशी सोळा हंडे परत न्यायला निघाले, तर त्यांनी दारातच हात आडवा केला. पाणी परत करायचं नसतं, पुढच्याला द्यायचं असतं, म्हणाल्या.

पाण्याचा आणखी एक धडा स्वयंपाकघरात मिळाला. टँकर बोअरचा असला तर तुरीची डाळ कितीही शिट्ट्या घ्या, दाणे तसेच राहतात. नहरेचं, म्हणजे इंदिरा गांधी कालव्याचं पाणी आलं की तीच डाळ नीट शिजते. बाबांना हे सांगितलं तेव्हा त्यांनी नहरेची सगळी चौकशी केली. मीही विचारून-वाचून घेतलं आणि त्यांना सांगितलं. पंजाबात सतलज आणि बियास मिळतात तिथल्या हरिके बंधाऱ्यापासून ती निघते, १९५८ मध्ये काम सुरू झालं, फीडर धरून लांबी ६४९ किलोमीटर, आणि शेवटचं टोक आमच्या जिल्ह्यात, मोहनगढला. बाबा म्हणाले, "मग आपल्यासारखंच झालं की. इंदूर तरी कुठे गावचं पाणी पितं? जलूदहून नर्मदा चढवून आणतात." मी इंदुरात जन्मले, वाढले, आणि नळ सोडताना हे एकदाही मनात आलं नव्हतं.

नऊच्या फोनचं मात्र सुरुवातीला मला ओझंच वाटायचं. तिकडे रोज काहीतरी घडत होतं. मालवी गाय व्याली, कालवड झाली. कडुनिंबाची मोठी फांदी वाऱ्याने पडली आणि गोठ्याचा पत्रा वाकला. चार इंच पूर्ण झाले आणि दादाने जेएस ९५६० हे सोयाबीनचं वाण पेरायला घेतलं. वहिनी मागून ओरडून सांगायची की भाज्यांच्या वाफ्यात गिलकी लागली. आई फोन घेऊन विचारायची, "जेवलीस का?" मग बाबा परत, "आज किती इंच?" आणि मी म्हणायची, "काही नाही, बाबा. इथे सगळं ठीक." रोज तेच. त्यांच्याकडे बातमी असायची, माझ्याकडे कधीच नाही. फोन ठेवल्यावर वाटायचं, आपण एका रिकाम्या जागेत येऊन पडलो आहोत, जिथलं घरी सांगण्यासारखं काहीच नाही.

डबा मी गच्चीवर ठेवला होता, बाबांचा मान म्हणून. जुलैत एकदा मोठी आंधी येऊन गेली. दुसऱ्या सकाळी झाडायला वर गेले तर डब्याच्या तळाशी वाळूचा पातळ थर होता, पिठासारखी मऊ, फिकट पिवळी. फूटपट्टीवर एक रेघसुद्धा भरली नाही. त्या रात्री बाबांना म्हटलं, "पाऊस नाही, पण डब्यात वाळू होती. चमचाभर." मला वाटलं ते विषय बदलतील. ते म्हणाले, "कुठल्या दिशेने आली? दाणेदार आहे का मऊ? ओली केल्यावर हाताला चिकटते का?" मला यातलं काही माहीत नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी ती तळहातावर घेऊन भिजवली. चिकटत नव्हती, सुकली की नुसती झडून जायची. आमची काळी माती भिजली की चपलेला शेराशेराचा गोळा लागतो. हे त्यांना सांगताना मी पहिल्यांदा इथली बातमी देत होते. त्या दिवसापासून वही सुरू झाली. पाऊस, वाळू, वारा, नळाला पाणी आलं ती तारीख, टँकर कुठला होता, डाळ शिजली का. सगळं.

ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात इथे ढग दाटले. पाऊस असा आला की गल्लीतली मुलं कपड्यांनिशी बाहेर धावली, दादीसा दारात हात जोडून उभ्या राहिल्या. त्यांनी आधीच गच्ची झाडून पन्हाळीचं तोंड साफ करून घेतलं होतं, मलाही करायला लावलं होतं. पन्हाळीतून टांक्यात पडणाऱ्या पाण्याचा आवाज आम्ही तिघं झाकणापाशी बसून ऐकत होतो. सकाळी डब्यात दोन इंचांच्या वर पाणी होतं. पावसाने किल्ल्याच्या बाहेरच्या भिंतीचा एक भाग ढासळला, ती बातमी इंदूरपर्यंत पोचली होती आणि आई घाबरली होती. बाबांनी मात्र दोनदा विचारून घेतलं, "दोनच्या वर? नक्की? पट्टी सरळ धरली होतीस ना?" तिकडे त्या दिवसांत तीन बिघ्यांत पिवळा मोझॅक दिसायला लागला होता. दादा पांढऱ्या माशीसाठी चिकट सापळे लावत होता, रोगट झाडं उपटून शेताबाहेर पुरत होता. त्याचा आवाज थकलेला होता. तरी म्हणाला, "तुझ्याकडे पडला ना, बरं झालं."

सप्टेंबरात गणपती. मूर्ती इंदूरहून येणाऱ्या एका ओळखीच्या कुटुंबाबरोबर मागवली होती, पण पत्री कुठून आणायची? दूर्वासुद्धा कुठे दिसेना. दादीसांना सांगितलं की शमीची पानं तरी हवी आहेत, बारीक पानांचं, काटेरी झाड असतं. त्यांना शमी कळेना. मी कागदावर चित्र काढलं. त्या हसल्या, हाताला धरून मला वस्तीच्या मागे घेऊन गेल्या आणि एका झाडाखाली उभं केलं. ती खेजडी होती. तीन महिने मी येता-जाता ती बघत होते. हिच्याच वाळलेल्या शेंगांची, सांगरीची भाजी दादीसांनी मला दिली होती, मी रात्रभर भिजवून केलीही होती. रामबागेतल्या ओट्यावर कुंडीत जिला मी दर शनिवारी पाणी घालायची, जी दोन हातांच्या वर कधी गेली नाही, तीच शमी इथे मोठ्या वृक्षासारखी पसरलेली होती, आणि कोणी पाणी घालत नव्हतं. दादीसा सांगत होत्या, भर उन्हाळ्यात सगळं करपतं तेव्हा हिला नवी पालवी येते. आणि जोधपूरजवळच्या खेजडलीला १७३० मध्ये हिच्यासाठी ३६३ बिष्णोईंनी जीव दिला, हेही त्यांनीच सांगितलं, झाडाच्या बुंध्यावर हात ठेवून. मी पानं तोडायच्या आधी झाडाला नमस्कार केला. तोडताना हात जड झाला होता.

दसऱ्याला, १२ ऑक्टोबरला, आम्ही इंदूरला होतो. होळकरांच्या काळापासून इंदुरात दसऱ्याला शमीपूजनाचा मान आहे, त्यामुळे बाजारात पानांच्या जुड्या मिळतातच. पण मी जैसलमेरची फांदी ओल्या फडक्यात गुंडाळून नेली होती. बाबांच्या हातात सोनं दिलं तेव्हा त्यांनी पानं डोळ्यांजवळ नेली, बोटांनी चुरडली, वास घेतला. "सात इंच पावसात ही एवढी होते?" मग देव्हाऱ्यात न ठेवता खिशात ठेवली.

शेतावर गेले तेव्हा सोयाबीनची रास खोलीत होती. बिघ्याला जेमतेम तीन क्विंटल उतरलं होतं, मोझॅकच्या तुकड्यात त्याहून कमी. हमीभाव ४,८९२ रुपये आणि मंडीत त्याच्याहून कितीतरी कमी बोली. त्या हंगामात सगळ्या माळव्यात शेतकरी सहा हजारांची मागणी करत रस्त्यावर उतरले होते, दादाही ट्रॅक्टर घेऊन गेला होता. सरकारी खरेदी २५ ऑक्टोबरपासून होणार होती, पण तिथे तेव्हा ओल १२ टक्क्यांच्या वर चालत नव्हती, आणि गहू पेरायला डिझेल, खत, बियाणं लगेच लागतं. दादाने निम्मा माल मंडीत घालून टाकला. मी विचारलं, थांबता आलं नसतं का? तो काही बोलला नाही. वहिनीने मला डोळ्यांनी गप्प केलं. लांब राहून बातम्या ऐकणं आणि रास समोर असताना तिच्याशेजारी बसणं यात किती अंतर आहे, ते तेव्हा मला कळलं. मी फोनवर भाव विचारते तेव्हा आता आवाज सांभाळते.

शाळा, भाषा, हवा यांची सवय होत गेली. थंडीच्या रात्री छान असतात, शब-ए-माळव्याची, आमच्याकडच्या त्या नावाजलेल्या रात्रींची आठवण येते. मी इथलं जिरं पाठवते, आई घरचं जिरावन करून पाठवते. मुलगा पोह्यांवर तेच जिरावन घालून मित्रांना खाऊ घालतो.

डिसेंबरच्या शेवटी एका सकाळी नऊची वाट न बघता फोन आला. टीव्हीवर दाखवत होते, मोहनगढजवळ शेतात बोअर घेताना जमिनीतून पाण्याचा लोंढा फुटला आणि बोअरची गाडीच खड्ड्यात गेली. बाबांचा आवाज थरथरत होता. "तुमच्यापासून लांब आहे ना?" लांबच होतं. मग, "किती खोल गेले होते?" साधारण ८५० फूट, मी सांगितलं. ते गप्प झाले. दोन-तीन दिवसांनी पाणी आपोआप थांबलं. लोक लुप्त झालेल्या सरस्वती नदीच्या गोष्टी करत होते. बाबा रोज एकच विचारायचे, ज्याचं शेत होतं त्या माणसाचं काय झालं, त्याला कोणी काही दिलं का. माझ्याकडे उत्तर नव्हतं.

फेब्रुवारीत आई-बाबा आले. बाबांना किल्ला पाहायचा नव्हता, त्यांना शेत पाहायचं होतं. दादीसांच्या माहेरचं खडीन कुलधराच्या वाटेवर आहे, तिथे गेलो. खडकाळ माळ एका बाजूला उतरत येतो, खाली मातीचा लांब बांध. पावसाळ्यात माळावरचं सगळं पाणी धावत येऊन बांधाला अडतं आणि जिरतं. एका भाग शेताला पंधराएक भाग माळ पाणी पुरवतो. पाणी ओसरलं की कार्तिकात गहू-हरभरा पेरायचा, पुढे एक थेंब द्यायचा नाही. इथल्या पालीवाल ब्राह्मणांनी शेकडो वर्षांपूर्वी बसवलेली पद्धत. बांधावर चढलो आणि समोर गहू. पिवळट माळाच्या मधोमध हिरवागार, ओंब्या भरत आलेल्या.

बाबा चपला काढून आत उतरले. वरची माती कोरडी होती. त्यांनी खुरपं मागून घेतलं आणि दोन ओळींच्या मध्ये खणत गेले, बाही वर करून, हात आत घालून. मूठभर माती काढली, दाबली. गोळा झाला. अंगठ्याने टेकवला, फुटला. परत दाबला. "वाफसा आहे," ते म्हणाले, "फेब्रुवारीत!" मग बांधावर बसून आम्हाला सांगायला लागले, सोयाबीन यायच्या आधी आपल्याकडेही हेच होतं. पावसाळाभर जमीन मोकळी ठेवायची, काळी माती चार महिने पाणी पिऊन घ्यायची, आणि त्या ओलीवर मालवी गहू, विनापाण्याचा. ते वीस-बावीस वर्षांचे होते तेव्हा आजोबांनी पहिल्यांदा सोयाबीन पेरलं. त्याच्या आधी पावसाळ्यात मोकळं पडलेलं आपलं शेत त्यांना स्वच्छ आठवत होतं. मी हे कधी ऐकलंच नव्हतं.

त्या रात्री नऊला बाबांनीच दादाला फोन लावला. हरभरा, गहू, बांध, माळ, सगळं एका दमात सांगितलं. "अरे, हिने ऑगस्टात मोजला ना, तो पाऊस अजून इथे जमिनीत आहे."

दादाने विचारलं, "किती खोल?"

"एवढा," बाबा म्हणाले, आणि फोन कानाशी धरून दुसऱ्या हाताच्या कोपरावर अंगठा ठेवून दाखवला. नखांत अजून ओली माती होती.